‘प्रभूनं सांगितलं’ म्हणण्याआधी: देवाची वाणी पारखायची कशी

पेरणीच्या तोंडावर, बारावीचा निकाल लागल्यावर आणि लग्नसराईत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गुरुवारच्या घरगुती प्रार्थनासभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “प्रभूनं मला सांगितलं.” कुणी बोअर घ्यायला निघालेलं असतं, कुणी पोराला लातूरला क्लासला टाकायला, कुणी बिऱ्हाड उचलून पुण्याकडं जायला. बोलणारा खोटं बोलत नसतो. पण थोडं खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट बाहेर येते. निर्णय आधी झालेला असतो आणि प्रार्थना मागून आलेली असते. ऐकण्यात घोटाळा व्हायच्या आधीच क्रमात घोटाळा झालेला असतो.

मीही हेच केलंय. वाळूजच्या कंपनीतली कायम नोकरी सोडून जालन्यात दप्तरं आणि शाळेच्या गणवेशाचं दुकान टाकायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. तीन दिवस उपास धरला, चौथ्या दिवशी घरात जाहीर केलं, “प्रभूनं दार उघडलंय.” बायकोनं भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, “अहो, गाळ्याच्या भाड्याचं काय म्हणाला प्रभू?” मी चिडलो. तिचा विश्वास कमी आहे असंही बोललो. खरी गोष्ट अशी की गाळ्याचं डिपॉझिट मी उपासाच्या आधीच्या शनिवारीच देऊन आलो होतो. चौदा महिन्यांत दुकान बंद झालं.

त्यानंतर आम्ही तीन-चार घरांनी मिळून एक क्रम बसवला. त्यातली एक जरी पायरी गाळली, की घोटाळा नेमका तिथूनच शिरतो, असा आजवरचा अनुभव आहे.

आधी एवढं धरून चाला

वाणी म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाजच, असं समजून वाट बघत बसू नका. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तसंही घडलेलं आहे. पण आपल्या रोजच्या जगण्यात वाणी म्हणजे बहुतेक वेळा वाचलेलं वचन मनाला धरून बसणं, एखादा विचार पुन्हा पुन्हा परत येणं, आत टोचणी लागणं, किंवा दुसऱ्याच्या तोंडून नेमकं तेच निघणं. यातलं काहीही प्रभूकडून असू शकतं आणि काहीही आपल्याच मनाचं असू शकतं. प्रेषित पौलानं मंडळीला लिहिलेल्या पत्रात एका दमात दोन्ही सांगितलंय: पवित्र आत्म्याला विझवू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा (१ थेस्सलनीका ५:१९-२१). आपल्या सभांमधून त्यातलं पहिलंच जास्त ऐकू येतं.

सामान फार लागत नाही. दोनशे पानी वही, पेन, बायबल आणि गजराचं साधं घड्याळ. मोबाईलचा गजर लावला, की गजर बंद करायला मोबाईल हातात येतो आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

## १. प्रश्न एका ओळीत लिहा

‘प्रभू, माझ्यासाठी तुझी योजना काय?’ हा प्रश्न नव्हे, सुस्कारा आहे. त्याला उत्तर आलं तरी ते उत्तर आहे हे कळणार नाही. प्रश्न असा लिहा: ‘थोरलीला अकरावीला लातूरला ठेवायचं, की जालन्यातच शिकवायचं? १५ जूनपर्यंत ठरवायचंय.’ दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत आणि तारीख दिसली पाहिजे.

काही गोष्टींवर प्रश्न लिहायचाच नसतो. हुंडा घ्यावा का, भावाला न विचारता वाटणीचं वावर विकावं का, मजुराची राहिलेली मजुरी द्यावी का, यावर उपास धरायचं कारण नाही. मजुरीचं तर याकोबाच्या पत्रात (५:४) छापून आलेलं आहे. छापील उत्तरावर पुन्हा वाणी मागणारा माणूस बहुधा दुसरं उत्तर शोधत असतो. याच्या उलटही एक टोक आहे. आमच्याकडं एक भाऊ कोणत्या एस.टी.नं जायचं याचीही प्रार्थना करत स्टँडवर उभे राहायचे आणि दोन गाड्या निघून जायच्या. डोकं प्रभूनंच दिलंय, ते वापरलं तर त्याला राग येत नाही.

*तपासा:* ही एक ओळ घरच्या माणसाला वाचून दाखवा. “हा तुमचा खरा प्रश्नच नाही,” असं उत्तर येण्याची बरीच शक्यता असते. ‘पुण्याला जावं का’ याच्या खाली कित्येकदा ‘आईपासून वेगळं राहावं का’ हा प्रश्न दडलेला असतो. मग तो लिहा.

## २. आपली ओढ कबूल करा

सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते ती हीच पायरी.

बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४२वा अध्याय उघडा. यरुशलेम पडल्यावर मागं उरलेले लोक संदेष्ट्याकडं येतात. ‘बरं असो वाईट असो, परमेश्वर सांगेल ते आम्ही ऐकू,’ अशी कबुली देतात. दहा दिवसांनी उत्तर येतं: याच देशात राहा, मिसरात (इजिप्तात) जाऊ नका. तेव्हा तेच लोक यिर्मयाला म्हणतात, तू खोटं बोलतोस. असं का झालं ते एक पान मागं गेलं की कळतं. त्यांचा मुक्काम आधीच मिसरच्या वाटेवर, बेथलेहेमजवळ पडलेला होता (४१:१७). बोचकी बांधून झाली होती. यिर्मयाकडून त्यांना फक्त शिक्का पाहिजे होता.

माझं गाळ्याचं डिपॉझिट म्हणजे तोच मुक्काम.

वहीत प्रश्नाच्या खाली दोन ओळी लिहा. ‘मला आतून काय पाहिजे?’ आणि ‘प्रभू नको म्हणाला तर मला कसं वाटेल?’ दुसऱ्या ओळीवर पेन अडलं, तर तिथंच दोन-तीन दिवस थांबा. ओढ असणं पाप नाही. मला दुकान हवं होतं यात वाईट काहीच नव्हतं. ओढ झाकून ठेवली, की ती प्रभूच्या आवाजात बोलायला लागते.

*सावध:* जमिनीचा इसार देऊन झालाय, मुकादमाची उचल घेऊन झालीय, साखरपुड्याची तारीख धरून झालीय, तर तुम्ही विचारत नाही आहात. एक तर ते परत फिरवा, नाही तर सरळ प्रार्थना करा, “प्रभू, मी हे ठरवलंय, सांभाळून घे.” ती प्रार्थना प्रामाणिक आहे. तिला प्रभूची वाणी म्हणू नका, एवढंच.

## ३. अंग ठिकाणावर आहे का बघा

एलीया संदेष्टा झाडाखाली मरण मागत पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, म्हणाला. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. मंद वाणी त्यानंतर खूप दिवसांनी, होरेब डोंगरावर आली (१ राजे १९). आपण क्रम उलटा करतो. रात्रपाळी करून, जागरण करून, पोटात काही नसताना ‘आता प्रभू बोलेल’ म्हणून बसतो.

मोठा निर्णय अशा वेळी उघडू नका: घरात मयत झाल्यावर, जोराच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, गारपिटीनं पीक झोपल्याच्या आठवड्यात. आणि हो, विश्वास चेतवणाऱ्या तीन दिवसांच्या संजीवन सभेहून परत येताना जीपमध्येही नको. तिथली ऊब खरी असते, पण ती जालन्याच्या नाक्यापर्यंत टिकते का ते आधी बघा. संत इग्नेशियस लोयोलांचा एक नियम कॅथलिक फादर सांगतात आणि तो आम्हालाही फार उपयोगी पडला: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी, गरोदर बाईनं आणि मे महिन्याच्या उन्हात रोजानं जाणाऱ्यांनी कडक उपास धरू नये. एक जेवण सोडा, नाही तर मोबाईल सोडा. मोबाईलचा उपास जास्त अवघड जातो, करून बघा.

## ४. वचन ओळीनं वाचा, बोट ठेवून नाही

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि ते वचन आपलं समजायचं, हे आमच्याकडं फार चालतं. गुरवाकडून देवाला कौल लावतात त्यात आणि यात मला फरक दिसत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत वचनाची चिठ्ठी निघते, ती धीरासाठी ठीक आहे. त्या चिठ्ठीवर कर्ज काढू नये. व्हॉट्सॲप स्टेटसवर सूर्योदयाच्या फोटोवर छापलेल्या वचनाचंही तेच.

वचन तोडून वापरता येतं हे सैतानालाही माहीत होतं. मंदिराच्या शिखरावर त्यानं येशूपुढं ९१वं स्तोत्रच ठेवलं (मत्तय ४:६).

मग वाचायचं कसं? एक शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक) घ्या आणि रोज अर्धा अध्याय, ओळीनं, मोठ्यानं वाचा. प्रश्नाशी जुळणारा भाग शोधत फिरू नका. वाचून झालं की वहीत एकच गोष्ट लिहा: आज येशू इथं कोणाशी कसा वागला? दहा दिवस असं केल्यावर त्याच्या बोलण्याची पट्टी कानात बसते. माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात, असं तो म्हणाला (योहान १०:२७). मेंढरं धनगराचा आवाज रोज ऐकतात, म्हणून ओळखतात. आडवाटेला लागल्यावर पहिल्यांदा ऐकला असता, तर त्यांनाही कळला नसता.

## ५. माहिती गोळा करा

“चौकशी करणं म्हणजे अविश्वास,” असं एका उपदेशकानं व्यासपीठावरून सांगितलेलं मी ऐकलंय. माझं मत सरळ उलट आहे. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हे येशूनंच सांगितलं (लूक १४:२८). आणि यिर्मयाला अनाथोथ गावचं शेत घ्यायची आज्ञा झाली तेव्हा त्यानं काय केलं बघा. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत लिहिलं, साक्षीदार घेतले, मोहर केली आणि कागद मातीच्या भांड्यात ठेवायला लावले (यिर्मया ३२:९-१४). परमेश्वरानं सांगितलेला व्यवहारही त्यानं साक्षीदारांसमोरच केला.

जमीन असेल तर सातबारा, फेरफार आणि वाटणीतले हिस्सेदार बघा. बोअर असेल तर आसपासचे बोअर किती फुटांवर लागले आणि एप्रिलमध्ये किती चालतात ते शेजारच्या चार वावरांत जाऊन विचारा. क्लास असेल तर फी, खोली, मेस मिळून वर्षाचा आकडा काढा, आणि पोरीला विचारा. तिला डॉक्टर व्हायचंय का, हे विचारायचंच राहून गेलेली घरं मी बघितलीत. ऊसतोडीला जायचं असेल तर उचल किती, ती फिटायला किती टन तोडावा लागेल आणि लेकरांची शाळा कोण बघेल, हे तिन्ही आकडे-उत्तरं वहीत पाहिजेत.

निम्मे प्रश्न इथंच सुटतात. त्यांना वाणीची गरजच नसते.

## ६. गप्प बसा आणि दोन रकाने करा

आपली प्रार्थना म्हणजे बहुतेक एकतर्फी बोलणं. आमेन म्हटलं की उठलो. ऐकायला वेळ ठेवलेलाच नसतो.

दीड खोलीच्या घरात जागा कुठं, हा प्रश्न खरा आहे. पहाटे गच्चीवर, वावरात बांधावर, नाही तर पाळकांकडून किल्ली घेऊन मधल्या वारी रिकाम्या चर्चमध्ये बसा. नळाचा दिवस टाळा, कारण त्या दिवशी कानात फक्त मोटारीचा आवाज असतो. घरातल्या बाईला सलग वीस मिनिटं मिळत नाहीत. नवऱ्यानं लेकरं सांभाळायची आणि चूल बघायची, हीसुद्धा याच पायरीची तयारी आहे. पुरुषांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

घड्याळात २० मिनिटं लावा. पहिल्या पाच मिनिटांत गॅस संपला, हप्ता राहिला, अमक्याला फोन करायचाय, हेच येणार. ते वेगळ्या चिठोऱ्यावर लिहून बाजूला ठेवा. मग लहान शमुवेलाला एली याजकानं (पुजाऱ्यानं) शिकवलेलं वाक्य म्हणा: बोल, तुझा दास ऐकत आहे. आणि त्यानंतर बोलू नका. झोप आली तर उभे राहा.

जे मनात येईल ते लिहिताना पानावर उभी रेघ मारा. डावीकडं फक्त जे आलं ते, जसं आलं तसं: शब्द, वचन, चित्र, टोचणी. उजवीकडं त्याचा मी लावलेला अर्थ. हे दोन रकाने आमच्या सगळ्या क्रमातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून एक वही जवळून दाखवतो.

आमच्या सभेतल्या एका काकूंच्या डाव्या रकान्यात तीन दिवस एकच होतं: ‘विहीर. उत्पत्ती २६.’ उजवीकडं पहिल्याच दिवशी लिहिलेलं: ‘बोअर घ्यायचा.’ पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहावा तशा त्या खुशीत होत्या. आम्ही म्हटलं, उजवा रकाना झाका आणि अध्याय पुन्हा वाचा. त्यात इसहाकाच्या विहिरीवरून गुराखी भांडतात. तो ती विहीर सोडतो. पुढच्या विहिरीवरून पुन्हा भांडण होतं, तीही सोडतो. तिसरीवर भांडण होत नाही. काकू वाचता वाचता थांबल्या. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांची दिराशी दोन वर्षं बोलचाल बंद होती. “म्या बोअरचं इचारलं अन् त्यो विहिरीचं बोलतोय,” त्या म्हणाल्या. बोअर त्यांनी त्या वर्षी घेतला नाही. दिराकडं गेल्या की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी विचारलं नाही.

*तपासा:* उजवा रकाना झाकल्यावर डावीकडं काही उरतं का? काहीच उरत नसेल तर तुम्ही ऐकलेलं नाही, ठरवलेलं आहे.

दहा दिवस असं बसा. दहा हा काही नियम नाही, यिर्मयाच्या त्या दहा दिवसांवरून आम्ही सोयीसाठी घेतलाय. एकदाच चमकून गेलेल्या विचारापेक्षा सातव्या दिवशीही तसाच शांतपणे आलेला विचार जास्त लक्षात घ्यावा.

## ७. चाळणी लावा

आता डावा रकाना समोर ठेवून एकेक प्रश्न विचारा.

शास्त्राच्या विरुद्ध आहे का? असेल तर वही बंद, पुढं जायचं नाही.

बोलण्याची पट्टी कुणाची वाटते? वरून येणारं ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत पटणारं असतं असं याकोब सांगतो (३:१७). ‘तू नालायकच आहेस, तुझ्यानं काही व्हायचं नाही’ हा आवाज कितीही मोठा असला तरी प्रभूचा नाही. प्रभू टोचतो तेव्हा नेमकं टोचतो: त्या भावाला परवा जे बोललास ते जाऊन मिटव.

घाई आणि गुपित एकत्र आहे का? ‘आज रात्रीच कर, बायकोला सांगू नको’ असं काही असेल तर थांबा. त्यात पैसाही असेल तर नक्कीच थांबा.

फायदा कुणाचा, भार कुणावर? सगळा फायदा माझा आणि सगळा भार घरच्या बायकांवर, असं निघालं तर पहिल्या पायरीवर परत जा.

आता ज्या तीन खुणांवर लोक डोळे झाकून विसंबतात, त्यांच्याबद्दल.

‘मनाला शांती मिळाली.’ योना प्रभूपासून पळत होता तेव्हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. येशू पित्याच्या इच्छेत अगदी मधोमध उभा होता तेव्हा गेथशेमानेच्या बागेत त्याला क्लेश होत होते. शांती जमेस धरा, पण एकटीवर भिस्त ठेवू नका. कधी कधी ती नुसती प्रश्न सुटल्याची सुटका असते.

‘दार उघडलं.’ योनाला याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारं जहाज तयार मिळालं होतं, भाडंही खिशात होतं. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत एकटा सापडला तेव्हा दावीदाची माणसं म्हणाली, हाच तो परमेश्वरानं दिलेला दिवस. दावीदानं ऐकलं नाही (१ शमुवेल २४).

‘खूण मागितली, मिळाली.’ गिदोनानं खळ्यात लोकर ठेवून तिच्यावरच दव पडावं अशी खूण मागितली, ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण लोकर घालण्याआधीच त्याला काय करायचं ते स्पष्ट सांगून झालेलं होतं (शास्ते ६:१४-१६). लोकर त्याच्या भीतीसाठी होती आणि प्रभूनं ती सांभाळून घेतली. ‘उद्या सकाळी अमक्याचा फोन आला तर तुझी इच्छा’ असल्या अटी घालण्याआधी, आधी जे सांगितलंय ते करून झालं का, हे बघा.

## इथं थांबा: हे पारखायचं काम नाही, डॉक्टरचं आहे

कानाला स्पष्ट आवाज येतो, तो हुकूम देतो, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो, कित्येक रात्री झोप नाही, सगळे आपल्यावर टपलेत असं वाटतं, असं असेल तर त्या माणसाला उपासाला बसवू नका आणि ‘आत्मा काढायला’ कुठं नेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवा, औषधही चालू ठेवा.

टीबीचा कोर्स, फिटची गोळी, बीपी, साखर, यातलं काहीही ‘प्रभूनं बरं केलं’ म्हणून मनानं बंद करायचं नाही. बरं झालं असेल तर तपासणीतही दिसेल. येशूनं कुष्ठरोग्याला बरं केल्यावर याजकाला जाऊन दाखव, असंच सांगितलं होतं (मत्तय ८:४).

## ८. तीन माणसांपुढं ठेवा

शमुवेलाला प्रभूचा आवाज एलीसारखाच वाटला. तीनदा उठून तो एलीकडंच पळाला. आणि एलीसारख्या मुरलेल्या याजकालाही कळायला तिसरी वेळ उजाडावी लागली. एकट्यानं ओळखायची ही गोष्ट नाही.

तीन माणसं अशी निवडा. एक शास्त्र जाणणारं. एक तो विषय जाणणारं: शेतकरी, शिक्षक, वकील, आणि ते ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही. तिसरं, तुमच्या निर्णयाचा ज्याला त्रास होणार आहे ते. हे तिसरं माणूस लोक हमखास गाळतात. माझ्या वेळी ते माणूस भाकरी थापत होतं आणि त्यानं नेमका प्रश्न विचारलाही होता.

बोलताना ‘प्रभू म्हणतो’ असं सुरू करू नका. त्या दोन शब्दांपुढं कुणाला काही विचारताच येत नाही. ‘मला असं वाटतंय, तुम्ही बघा’ असं म्हणा. यरुशलेमातल्या प्रेषितांनी आणि मंडळीच्या वडीलधाऱ्यांनीही पत्रात ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला’ योग्य वाटलं असं लिहिलं (प्रेषितांची कृत्ये १५:२८). ‘मासेदोनियात ये’ असा दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण तिकडं जायचं अनुमान ‘आम्ही’ काढलं असं त्याचा सोबती लूक लिहितो (१६:१०).

दुसऱ्या कुणी तुमच्याबद्दल ‘प्रभूनं मला दाखवलं’ म्हटलं तर? १ राजे १३ वाचा. यहूदा देशाहून आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा स्पष्ट होती: इथं खायचं-प्यायचं नाही. म्हातारा संदेष्टा येऊन म्हणाला, देवदूतानं मला सांगितलंय, चल घरी. तो गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहानं त्याला मारलं. दुसऱ्याच्या तोंडचं ऐका, लिहून घ्या, त्यालाही हीच चाळणी लावा. ते तुमच्या डाव्या रकान्यात आधीच असलेल्या गोष्टीला दुजोरा देतं का बघा.

*सावध:* ‘बी पेरा’ म्हणत भविष्यवाणीबरोबर पैशाचा आकडा आला की उठून या. मुलीला ‘तू माझी बायको आहेस असं प्रभूनं दाखवलं’ म्हणणाऱ्या पोराला आमच्या सभेत एकच उत्तर मिळतं: तिलाही दाखवेल तेव्हा बघू. आणि तिनं नाही म्हटलं, तर विषय तिथंच संपला. पाळकांनी मध्ये पडून तिला वचनं ऐकवायची नाहीत.

## ९. परत फिरता येईल असं पाऊल टाका

गाळा घ्यायच्या आधी मी चार आठवडी बाजारांत पाल ठोकून दप्तरं विकून बघायला पाहिजे होतं. नोकरी सोडायच्या आधी बिनपगारी रजा घेता आली असती. पुण्याला बिऱ्हाड हलवायच्या आधी एकट्यानं दोन महिने जाऊन बघता येतं. बोअरच्या आधी जुन्या विहिरीतला गाळ काढता येतो. असं पाऊल टाकलं, की वहीत तारीख घाला आणि पुढं तीन महिन्यांवरची दुसरी तारीख घाला.

त्या दुसऱ्या तारखेला पान उघडायचंच. अनाथोथच्या शेताबद्दल यिर्मयाला शब्द आधी आला, पण ते शेत विकणारा चुलतभाऊ हनामेल खरोखर, यिर्मया कैदेत होता त्या चौकीच्या अंगणात येऊन उभा राहिला तेव्हा ‘हा परमेश्वराचा शब्द आहे हे मला समजलं’ असं तो लिहितो (३२:८). यिर्मयालाही नंतर कळलं, तर आपल्याला थोडं थांबायला काय हरकत आहे.

चुकलं असेल तर पान फाडू नका, खोडूही नका. खाली लिहा: चुकीचं ऐकलं, कारण अमुक. आमच्या सभेत आता महिन्यातून एकदा अशा चुकांची साक्ष होते. पहिली माझी झाली. दुकानाचं सांगून संपलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग मागून एक भाऊ म्हणाले, “आमचं पोल्ट्रीचं पण आसंच झालं बगा.”

## उत्तर आलंच नाही तर

असं पुष्कळदा होतं, आणि ते काही पापाचं लक्षण नाही. पौलाला आशिया प्रांतात अटकाव झाला, बिथुनियातही झाला, पुढं कुठं जायचं ते सांगितलेलं नव्हतं. तरी तो त्रोवसापर्यंत चालत राहिला (प्रे. कृत्ये १६:६-८). शेवटचं जे स्पष्ट कळलं होतं ते करत राहा. माहिती जिकडं झुकते तिकडं, परत फिरता येईल असं पाऊल टाका. ‘प्रभूनं सांगितलं’ असं मात्र म्हणू नका. ‘विचार करून ठरवलं’ म्हणा.

काकूंच्या वहीत त्याच वर्षीचं पुढचं एक पान आहे. डावा रकाना दहा दिवस कोरा, नुसत्या तारखा. अकराव्या दिवशी दोन्ही रकान्यांवरून आडवं लिहिलंय: ‘काही नाही आलं. पाऊस झाला. तूर पेरली.’